मागील दार कोणी उघडले?

"सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले ना, परीक्षा स्वच्छ होती म्हणून! मग आता तोच विषय कशाला उगाळायचा?"

2024 च्या जुलै महिन्यापासून हे वाक्य आमच्या कानी वारंवार पडत आले आहे. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात घुटमळणाऱ्या पालकांच्या तोंडून ते आम्ही ऐकले, लग्नाच्या मांडवात ऐकले आणि ज्यांची मुले त्या वर्षी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसली होती अशा काही घरांतही ऐकले. बोलणाऱ्याच्या स्वरात सुटकेचा निःश्वास असतो. जणू घरावर आलेली धाड शेजारच्या आळीतून परत गेली. आमचे म्हणणे एवढेच की हे वाक्य खोटे आहे. न्यायालयाने तसे कोठेही म्हटलेले नाही. त्याने जे म्हटले ते नीट वाचले, तर असा निःश्वास टाकण्याचा अधिकार आपल्यापैकी फार थोड्यांना उरतो.

प्रथम घडलेले क्रमाने पाहू. 5 मे 2024 रोजी, रविवारी, परदेशांतील 14 शहरांसह एकूण 571 शहरांतील 4,750 केंद्रांवर 23 लाखांहून अधिक मुलेमुली 'नीट' या राष्ट्रीय परीक्षेस बसली. परीक्षा घेणारी संस्था होती नॅशनल टेस्टिंग एजन्सी. निकाल 14 जूनला अपेक्षित होता. तो दहा दिवस आधी, 4 जूनला, लोकसभेच्या मतमोजणीच्या धामधुमीत जाहीर झाला. 67 परीक्षार्थींना 720 पैकी 720 गुण मिळाले होते आणि त्यांतील सहा जण हरियाणातील झज्जर येथील एकाच केंद्रातले होते. त्याहून नवलाचे होते ते 718 आणि 719 हे आकडे. या परीक्षेत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरापायी एक गुण कापला जातो. एक प्रश्न सोडला तर 716 गुण होतात, एक चुकला तर 715. त्यांच्यापुढे थेट 720. मधले आकडे कोठून आले, हे शाळकरी मुलांनी विचारले. संस्थेने निकालासोबत त्याचा खुलासा करण्याची तसदी घेतली नव्हती.

ओरड झाल्यावर खुलासा आला. काही केंद्रांवर परीक्षार्थींचा वेळ वाया गेला होता, म्हणून 1,563 जणांना वाढीव गुण दिले होते. त्यासाठी जे सूत्र वापरले, ते 2018 मध्ये विधी शाखेच्या प्रवेशपरीक्षेच्या एका खटल्यातून उचलले होते. ती परीक्षा संगणकावर झालेली, ही कागदावर. एकीचे माप दुसरीला लावले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा 13 जून रोजी सरकारपक्षाने वाढीव गुण रद्द करत असल्याचे सांगितले. या 1,563 जणांना 23 जूनला फेरपरीक्षेची मुभा मिळाली आणि 813 जण तीस बसले. पूर्ण गुणांचे मानकरी 67 वरून 61 वर आले.

पुढे भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची गोष्ट निघाली. अणूंविषयीच्या त्या प्रश्नाची दोन उत्तरे संस्थेने बरोबर धरली होती. कारण पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत एक विधान होते आणि नव्या आवृत्तीत ते सुधारले होते. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञ नेमण्यास सांगितले. दुसऱ्याच दिवशी तज्ज्ञांनी कळवले की उत्तर एकच बरोबर आहे. गुण पुन्हा मोजले गेले आणि 61 चे 17 झाले. 4 जूनला देशाने ज्या 67 मुलांना हार घातले, त्यांतील 50 जणांचे शिखर सात आठवड्यांत खाली आले. त्या मुलांचा यात काडीचाही दोष नव्हता. घाई, बेपर्वाई आणि चूक लपवण्याची सवय मोठ्यांची होती.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे भाग आहे. "याचिका करणाऱ्यांनी उगाच न्यायालयाचा वेळ खाल्ला, मुलांना टांगणीला लावले," असे म्हणणारे शहाणे आपल्यातही आहेत. त्यांना आम्ही विचारतो: याचिका नसत्या तर वाढीव गुण कोणी काढले असते? त्या एका प्रश्नाचा निवाडा कोणी केला असता? केंद्रनिहाय निकाल जनतेपुढे मांडण्याचा आदेश न्यायालयाने दिला, तोही याचिकांमुळेच. अन्यायाविरुद्ध कायद्याच्या दारात उभे राहणे हा कज्जेदलालीचा प्रकार नव्हे. कोणाच्या अध्यात न पडण्याला आपण सोशिकपणा म्हणत आलो. त्यात भ्याडपणाचा अंश किती, हे ज्याने त्याने तपासावे.

आता मुख्य आरोप, प्रश्नपत्रिका फुटल्याचा. परीक्षेच्याच दिवशी पाटण्यात पोलिसांनी गुन्हा नोंदवला. तेथे प्रश्नपत्रिकेचे अर्धवट जळालेले तुकडे हाती लागले आणि त्यांवरून माग निघाला तो झारखंडमधील हजारीबाग येथील एका परीक्षाकेंद्रापर्यंत. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. परीक्षेच्या सकाळी तेथील प्रश्नपत्रिकांच्या खोलीत बाहेरच्या माणसाचा प्रवेश झाला, पेटीतील प्रश्नपत्रिका उघडली गेली, उत्तरे लिहून काढली गेली आणि ज्यांच्या घरच्यांनी लक्षावधी रुपये मोजले होते त्यांच्यापर्यंत ती पोचवली गेली, असा तपासाचा निष्कर्ष आहे. प्रश्न सोडवून देणारे म्हणून ज्यांना अटक झाली, त्यांत वैद्यकीय महाविद्यालयांचे विद्यार्थी होते. ज्या उंबरठ्यावरून आपण स्वतः कष्टाने आत आलो, तोच विकण्यास ही मुले निघाली, हा त्यांच्यावरील आरोप वाचून आमचे मन विषण्ण झाले. गुजरातेतील गोध्रा येथे कोऱ्या ठेवलेल्या उत्तरांची जागा मागाहून भरून देण्याचा बेत होता, असा गुन्हा दाखल झाला. आपल्या महाराष्ट्रातही, शिकवणीवर्गांचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या लातुरात, शिक्षकांवर गुन्हा नोंदला गेला.

न्यायालयाने हे सारे नाकारले काय? मुळीच नाही. 23 जुलै 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला आणि न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या पीठाने सांगितले की हजारीबाग आणि पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटली याविषयी वादच नाही. पाटणा आणि हजारीबाग येथील केंद्रांवरच्या सुमारे 155 परीक्षार्थींना तिचा लाभ झाल्याचे दिसते, हेही नमूद केले. 2 ऑगस्टच्या सविस्तर निकालपत्रात संस्थेच्या धरसोडीवर ताशेरे आहेत, प्रश्नपत्रिकांची वाहतूक ई-रिक्षातून झाल्याचा उल्लेख आहे आणि हजारीबागच्या त्या खोलीचे मागील दार उघडले गेल्याचाही उल्लेख आहे. ज्या परीक्षेला आपण 'स्वच्छ' म्हणतो, तिचे हे वर्णन आहे.

मग परीक्षा रद्द का झाली नाही? न्यायालयापुढचा प्रश्न अगदी मर्यादित होता. लबाडी झाली की नाही, हा तो प्रश्न नव्हता. लबाडी करणाऱ्यांना प्रामाणिकांपासून वेगळे काढता येते की नाही, हा होता. वेगळे काढता येत असेल तर सर्वांची परीक्षा मोडू नये, आणि येत नसेल तर सर्वांचीच पुन्हा घ्यावी, असा हा दंडक आहे. 2015 मध्ये याच न्यायालयाने त्या वेळची अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेशपरीक्षा रद्द केली होती. तेव्हा सापडलेले लाभार्थी अवघे 44 होते आणि परीक्षार्थी सहा लाखांहून अधिक. पण भ्रमणध्वनी यंत्रणांद्वारे उत्तरे दहा राज्यांत गेली होती आणि आणखी किती जणांना ती मिळाली हे कोणालाच सांगता येत नव्हते. 2024 मध्ये गुणांच्या आकडेवारीवरून गळती देशभर पसरल्याचे दिसले नाही, म्हणून फेरपरीक्षा नाकारली. प्रभूने सांगितलेल्या निदणाच्या दाखल्यातील धन्यालाही हीच चिंता होती: निदण उपटताना गहू उपटला जाऊ नये.

हा निर्णय आम्हास योग्य वाटतो, हे येथे स्पष्ट सांगतो. सरसकट फेरपरीक्षेची मागणी करणाऱ्यांच्या संतापाचा आम्ही आदर करतो. परंतु थोड्यांच्या पापाची शिक्षा लाखोंना देणे हाही अन्यायच. 2015 चा अनुभव त्यासाठी आठवावा. आधीच्या परीक्षेत कपड्यांत यंत्रे दडवली गेली होती, म्हणून 25 जुलै 2015 च्या फेरपरीक्षेस पोशाखाचे कडक नियम लागू झाले. केरळात एका व्रतस्थ भगिनीला शिरोवस्त्र आणि गळ्यातील क्रूस उतरवण्यास सांगण्यात आले, आणि ती परीक्षा न देताच परत फिरली. दूर कोठेतरी कोणी अंगरख्यात यंत्र शिवले, आणि त्याचे मोल तिने मोजले. लबाडीचे बिल नेहमीच भलत्याच पत्त्यावर जाते.

मात्र न्यायालयाच्या निर्णयाशी सहमत होणे वेगळे आणि त्याच्या आडोशाला लपणे वेगळे. "23 लाखांत 155 म्हणजे काय मोठेसे?" हा हिशेब आम्ही सुशिक्षितांच्या तोंडून ऐकला. याच न्यायालयाच्या सुटीकालीन पीठाने 18 जून 2024 रोजी संस्थेला बजावले होते की कोणाची 0.001 टक्का जरी बेपर्वाई असली तरी तिची पूर्ण दखल घेतली पाहिजे. आणि व्यवस्थेला फसवून डॉक्टर झालेला माणूस समाजाला किती घातक ठरेल, याचीही आठवण करून दिली होती. शिवाय हा भागाकारच चुकीचा आहे. परीक्षेस 23 लाख बसले, तरी एमबीबीएसच्या जागा देशभरात सुमारे 1 लाख 8 हजार होत्या आणि त्यांतील सरकारी महाविद्यालयांच्या, म्हणजे सामान्य घराला परवडतील अशा, सुमारे 56 हजार. विकत घेतलेले गुण 23 लाखांच्या सागरात विरघळत नाहीत. ते या 56 हजार खुर्च्यांपैकी एकीवर जाऊन बसतात. आणि तेथून कोणीतरी एक उठतो.

तो कोण, हा आमच्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. यादीच्या तळाशी, शेवटच्या जागेच्या एक पायरी खाली, कोणीतरी मुलगी उभी आहे. आपण एका क्रमांकाने राहिलो एवढेच तिला ठाऊक असते. कोणामुळे राहिलो, हे तिला कधीच कळणार नाही. आपण अजून थोडा अभ्यास करायला हवा होता, असे म्हणून ती स्वतःलाच दोष देते. तिच्या नावाची याचिका नाही, कारण आपली चोरी झाली हेच तिला माहीत नाही. ज्याच्या घरी चोरी होते तो निदान तुटलेले कुलूप तरी पाहतो. हिच्या वाट्याला तेही नाही. न्यायालय लबाडाला वेगळे काढू शकते, पण हिला शोधून काढू शकत नाही. म्हणून 155 हा आकडा अपुरा आहे. जितके मागील दाराने आत शिरले, त्या प्रत्येकामागे पुढील दारातून परतवलेला एकेक जण मोजला पाहिजे.

आता दाराकडे येऊ. ते कोणी उघडले? केंद्रावरच्या माणसाने, टोळीने, दलालाने. सरकारी यंत्रणेच्या ढिलाईने. या सर्वांवर कोरडे ओढण्यास आम्ही कोणाच्या मागे राहणार नाही. परंतु विकणारा तेव्हाच दुकान मांडतो, जेव्हा गिऱ्हाईक रस्त्यावर उभे असते. परीक्षार्थी सतरा-अठरा वर्षांचे असतात. त्यांच्या खिशात लक्षावधी रुपये नसतात. ते पैसे घरातून येतात. जमीन विकून, दागिने मोडून, कर्ज काढून, आणि बहुधा मुलाला न विचारता.

हे दूरच्या पाटण्याचे चित्र म्हणून वाचकांनी पान उलटू नये. न्यायालयात सुनावणी चालू होती त्याच पावसाळ्यात एक गृहस्थ सायंकाळी आमच्या निवासस्थानी आले. मुलगी त्या वर्षी परीक्षेस बसली होती, गुण बरे होते, पण पुरेसे नव्हते. बराच वेळ पावसापाण्याच्या गोष्टी केल्यावर ते म्हणाले, "फादर, पैशांचं बघू आम्ही. वाडीचा एक तुकडा विकलाय. पुढच्या वर्षासाठी कुठे काही सोय होत असेल, तर तुमच्या ओळखीनं बघा ना." आम्ही विचारले, "मुलीला हे ठाऊक आहे का?" ते म्हणाले, "तिला कशाला सांगायचं? तिच्या भल्यासाठीच चाललंय ना सगळं." न्यायालयाने परीक्षा स्वच्छ ठरवली, असे पुढे आम्हास आनंदाने सांगणाऱ्यांत हेही होते. गृहस्थ वाईट नाहीत. ते चोरी करणार नाहीत, शेजाऱ्याच्या बांधावरची काडी उचलणार नाहीत. परंतु 'सोय' या दोन अक्षरी शब्दात चोरी मावते, हे त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

आणि आमच्या तरी कोठे आले होते? त्यांनी आमच्याकडेच यावे, यातच आमचा दोष उघड होतो. प्रवेशासाठी, नोकरीसाठी, बदलीसाठी आम्ही धर्मगुरूंनी आजवर किती चिठ्ठ्या लिहिल्या! "अमुक आमच्या धर्मग्रामातील होतकरू मुलगा, याचा विचार व्हावा." आम्ही पैसे घेतले नाहीत हे खरे, पण गुणांऐवजी ओळखीने रांगेत पुढे जाता येते, हा धडा त्या चिठ्ठ्यांनीच शिकवला. शाळेच्या परीक्षेत खिडकीतून आत जाणाऱ्या कागदाकडे आपण हसून पाहिले, 'सगळेच करतात' म्हणून सोडून दिले. हजारीबागचे दार एका सकाळी उघडले खरे. पण त्याच्या बिजागऱ्यांना तेल घालणारे हात गावोगावी होते, आणि त्यांत आमचाही एक होता.

कायदा आपल्यासाठी हे काम करील, या भरवशावर राहू नये. सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखण्याचा केंद्राचा कायदा 21 जून 2024 पासून लागू झाला. संघटित गुन्ह्यास त्यात पाच ते दहा वर्षांची कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड आहे. टोळ्यांना त्याचा धाक बसो. परंतु परीक्षार्थींना त्या कायद्याच्या शिक्षेबाहेर ठेवले आहे. त्यांच्यावर कारवाई होते ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार. कोवळ्या वयाला तुरुंगात धाडू नये, हे आम्हास मान्यच आहे. म्हणजे त्यांची नीती सांभाळण्याचे काम कायद्याने आपल्या घराकडे सोपवले आहे.

आणि घेतलेल्याचे काय करायचे? मध्य प्रदेशातील व्यापम प्रकरणात हाच पेच उभा राहिला होता. गैरमार्गाने प्रवेश मिळवलेल्या 634 जणांचे शिक्षण 2016 पर्यंत पुष्कळसे पूर्ण होत आले होते. न्यायमूर्ती जस्ती चेलमेश्वर यांनी सुचवले की त्यांना पदवी घेऊ द्यावी, पण पाच वर्षे लष्करात पगाराविना, केवळ निर्वाहभत्त्यावर सेवा करायला लावावी. देशाला डॉक्टर हवेच आहेत. पीठावरील दुसऱ्या न्यायमूर्तींना हे पटले नाही. 13 फेब्रुवारी 2017 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सर्वांचे प्रवेश रद्दच ठरवले. कित्येकांना तो निर्णय निष्ठुर वाटला. इतकी वर्षे, इतके शिक्षण वाया! चेलमेश्वरांच्या सूचनेत दया होती, हे आम्ही नाकारत नाही. तरीही आम्ही 2017 च्या निर्णयाच्या बाजूने आहोत. चोरलेल्या शेतात दहा वर्षे घाम गाळला म्हणून शेत आपले होत नाही. जक्कयाने प्रभूला जेवू घातले, गोरगरिबांना अर्धी मालमत्ता दिली, आणि तेवढ्यावर न थांबता ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करण्याचे वचन दिले. प्रायश्चित्त संस्कारात आम्हीही हेच शिकलो आणि शिकवतो की परतफेडीवाचून पश्चात्ताप अपुरा आहे. जिची जागा घेतली तिचे नाव ठाऊक नाही, हे खरे. पण जागा सोडता येते. ती सोडली, तर यादीतील पुढचे नाव आपोआप वर सरकते. परतफेडीचा इतका सरळ मार्ग फार थोड्या पापांना लाभतो; फक्त तो जागा भरून वर्ष निघून जाण्यापूर्वी धरावा लागतो.

म्हणून वाचकहो, आमचे मागणे थोडके आहे. परीक्षेत गैरप्रकार दिसला तर गप्प बसू नका. पुरावा जपून ठेवा, तक्रार करा, न्यायालयात जाण्याची वेळ आली तर जा, आणि अशा कुटुंबाच्या पाठीशी धर्मग्रामाने उभे राहावे. 'सोय' लावून देतो म्हणणाऱ्याला उंबरठ्यावरूनच परत धाडा. आणि निकालाच्या दिवशी कमी गुण घेऊन आलेल्या मुलाला आधी जेवायला वाढा. काय चुकले याची चर्चा दुसऱ्या दिवशीही करता येते. मुलाला घरात मान राहावा म्हणून डॉक्टर व्हावे लागत असेल, तर त्या घराने मागील दार अर्धे उघडलेच आहे. आमच्या बाजूने आम्ही एवढेच सांगतो की प्रवेशासाठी आता आमच्याकडे चिठ्ठी मागू नये. ती मिळणार नाही.

त्या गृहस्थांची मुलगी आज परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. त्या सायंकाळी तिच्या वडिलांनी आमच्याकडे काय मागितले, हे तिला अद्याप ठाऊक नसावे. वडील आमच्यावर थोडे रुष्ट आहेत. ती मात्र सुटीत घरी आली की वाचन करण्यासाठी वेदीजवळ येते आणि मान ताठ ठेवून वाचते. तिच्या नावापुढे डॉक्टर लागणार नाही. पण जे लागेल ते तिचे स्वतःचे असेल.